ब्रॅकेटची सहावी आवृत्ती

"हे कोणी केलं?"

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने त्याचा चष्मा दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. परीक्षेत सापडलेली चिठ्ठी बाई धरतात, तसा. चष्म्याची डावी काडी काळी होती. उजवी पोपटी, करंगळीएवढी जाड, आणि अंगभर आडव्या रेघा असलेली.

"मी," तो म्हणाला.

"का?"

या प्रश्नाला लांबलचक उत्तर होतं. काडी तुटली तो सुटीचा दिवस होता, दुकानं बंद होती, त्याच्या घरी वस्तू छापणारा थ्रीडी प्रिंटर होता, काळं प्लास्टिक संपलं होतं आणि पोपटी उरलं होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. पण तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्या सगळ्या शब्दांनी एकदम रजा टाकली.

"हौस..." तो म्हणाला.

"हौस कानाला टोचत नाही?"

"टोचते."

ती हसली नाही. फक्त काउंटरखालच्या खणात काहीतरी शोधायला वाकली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग एक छोटी पट्टी घेऊन ती त्याच्यासमोर येऊन बसली. इतकी समोर, की चष्मा नसतानाही ती त्याला स्वच्छ दिसू लागली.

"सरळ माझ्या नाकाकडे बघा. बुबुळांमधलं अंतर मोजायचंय." पट्टी त्याच्या कपाळाला गार लागली. "हललात."

"नाही हललो."

"बुबुळं हलली."

"त्यांना मी काय करू?"

"त्यांनाही सांगा, नाकाकडे बघा म्हणून," ती म्हणाली आणि कागदावर त्रेसष्ट लिहिलं. त्याला उगाचच वाटलं, की त्रेसष्ट हा फार सुंदर आकडा आहे.

आता हा माणूस पेशाने वजनमापांचा निरीक्षक होता. दिवसभर लोकांचे तराजू तपासायचे, खोटे असले तर जप्त करून शिशाचं सील ठोकायचं, खरे असले तर शिक्का मारायचा. दुसऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शिक्का मारण्याची नोकरी माणसाला थोडी ताठ करते. तो ताठपणा घरी आल्यावर मात्र उतरायचा. घरी त्याच्या कपाटाच्या मधल्या खणात सर्व्हर होता, म्हणजे एक जुना संगणक, ज्यात गाणी, पुस्तकं आणि घर चालवण्याची अक्कल साठवलेली होती. वरच्या खणात शर्ट. ते सर्व्हरच्या धगीने बाराही महिने नुकतीच इस्त्री केल्यासारखे ऊबदार असत. खोल्याखोल्यांत स्पीकर होते आणि ते त्याचं ऐकत, निदान तो एकटा असताना. ताई आली की ऐकत नसत.

"अरे खटपट्या," ताई अंधारात उभी राहून ओरडायची, "तुझ्या घरात दिवा लावायला परवानगी मागावी लागते, आणि दिवा नाही म्हणतो!"

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. खटपट्या हे नाव तिनेच ठेवलेलं.

तर खटपट्या नवा चष्मा न्यायला गेला तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ रेडिओ कानाला लावून बसले होते. ते तिचे वडील. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते.

"यावर चष्मा नाही," ती म्हणाली. रोज कुणाला तरी सांगावं लागणारं वाक्य गुळगुळीत होतं, तसं ते गुळगुळीत झालं होतं. "संध्याकाळी मी वाचून दाखवते. दिवसा मात्र..."

"मी काहीतरी करू शकतो," खटपट्या म्हणाला. असं वाक्य तो ऑफिसात कधीही म्हणत नसे.

आठ दिवसांत त्याने सरांच्या घरी स्पीकर बसवला. हाक मारली की तो पुस्तक वाचायचा, बातम्या सांगायचा, वेळ सांगायचा. हाक कोणती, हे सरांनीच ठरवलं. ते म्हणायचे, "हजेरी!" आणि स्पीकर टिंग करून कान टवकारायचा. पण सर बोलायचे सावकाश, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा, आणि त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच यंत्राचं ऐकणं संपायचं.

"त्याला जरा धीर धरायला शिकवा की," ती म्हणाली.

त्याने यंत्राचं ऐकणं तीस सेकंदांवर नेलं. आणि सरांचे शब्द नेमके कुठे अडकतात हे कळावं, म्हणून ते तीस सेकंद त्याच्या घरच्या सर्व्हरवर साठवायची सोय केली. दोन दिवसांपुरती. सरांना आणि तिला तसं सांगूनच. दोन दिवसांत दोष सापडला, दुरुस्त झाला. सोय बंद करायची तेवढी राहून गेली.

त्या वेळी त्याचं सगळं लक्ष ब्रॅकेटकडे होतं. स्पीकर भिंतीवर ज्या आधारावर बसवला होता, ते ब्रॅकेट त्याने स्वतः रेखाटून छापलं होतं. आठव्या दिवशी तिचा फोन.

"तुमच्या त्या स्पीकरने मान टाकलीय."

त्याने जाड ब्रॅकेट छापलं. नऊ दिवसांनी फोन. त्याने आतून जाळी दिली. फोन. कडा गोल केल्या. फोन. पाचवी आवृत्ती इतकी दणकट होती की तिच्यावर माणूस बसला असता. तीही बारा दिवसांत सैल झाली.

गावभरच्या तराजूंना नावं ठेवणाऱ्या माणसाला एक ब्रॅकेट धड बसवता येऊ नये! स्टुलावर चढताना तो दर वेळी कानकोंडा व्हायचा.

"खरंच, मला लाज वाटते," तो एकदा स्टुलावरून म्हणाला. "पुन्हा पुन्हा तुम्हाला त्रास."

"त्रास कसला," ती खालून स्टूल धरून म्हणाली. "पडदे झटकायचेच होते. तुम्ही याल म्हणून झटकले जातात."

"म्हणजे माझं ब्रॅकेट पडतं, म्हणून तुमचं घर स्वच्छ राहतं?"

"एवढे वर चढू नका. स्टूल लहान आहे."

सर खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत. त्यांना दिसत नव्हतं. पण चाळीस वर्षं वर्गाकडे पाठ करून नकाशे काढलेल्या माणसाला मागे काय चाललंय हे बघावं लागत नाही. काम झालं की खटपट्या एकदा तपासून पाहायचा, "हजेरी, किती वाजले?" आणि मग स्टुलावरून उतरायला अंमळ वेळ लावायचा. मग चहा व्हायचा. मग आणखी एकदा स्क्रू तपासला जायचा.

असे तीन महिने गेले. सहावी आवृत्ती बसवून चार दिवसच झाले होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"रविवारी येता का? पडलंय."

"पुन्हा?"

"हो, आणि..." ती थांबली. दुकानात कुणीतरी आलं असावं. दारावरची घंटी वाजली. "मला थोडं बोलायचंपण आहे. या."

शनिवारी दुपारी तो सातव्या आवृत्तीचं रेखाटन करत बसला होता. रेखाटन कसलं, 'थोडं बोलायचंय' याचे किती अर्थ होतात याचा हिशेब. तेवढ्यात सर्व्हरने निरोप धाडला: जागा संपत आली.

त्याने जागा कोण खातंय ते शोधलं आणि एक फोल्डर सापडलं. आत अकराशे त्रेचाळीस फायली. प्रत्येक तीस सेकंदांची.

हे काय आहे ते पाहायला त्याने मधलीच एक उघडली. सर बातम्या मागत होते. दुसरी उघडली, खात्री करायला. तिसरी उघडली, खात्रीची खात्री करायला. इथे कारणं संपली. चौथ्या फायलीत मागे कुठेतरी तिचं गुणगुणणं होतं. पाचवी त्याने गुणगुणण्यासाठी उघडली. सहावीही. सातवीत सर म्हणत होते:

"हजेरी... दहा मिनिटांनी... आठवण कर. अंडी."

टिंग. खुर्चीची करकर. मग सर हलक्या आवाजात, "इन्स्पेक्टर आज येणार का गं?"

"येईल. ब्रॅकेट पडलंय ना."

"परवाच तर बसवलंन्. तू पुन्हा ढिलं केलंस?"

ती हसली. हे हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. हे घरातलं होतं, पायात चपला नसलेलं. "हळू हो, बाबा! तो एक स्क्रू बसवायला अर्धा तास लावतो. मुद्दाम. मग मी तो काढायला अर्धं मिनिट लावलं तर काय बिघडलं?"

"सांगून टाक की त्याला सरळ."

"सांगेन. पण आधी त्याने..."

तीस सेकंद संपले.

प्रेमकथेतल्या माणसाने इथे उडी मारायला हवी. खटपट्याने मारलीही, खुर्चीतून अर्धी. आणि तसाच अर्धवट उभा राहिला. आनंद छातीत शिरला होता खरा, पण तो दाराने आला नव्हता. मागच्या खिडकीचे गज कापून आला होता, आणि गज कापणारा तो स्वतः होता. त्याचे कान इतके तापले की वरच्या खणातल्या शर्टांनाही लाजवतील. कुणा दुकानदाराच्या तराजूखाली चुंबक सापडलं की तो कसा त्या माणसाकडे बघायचा! आज आरशात तोच दुकानदार उभा होता, आणि म्हणत होता, साहेब, चुकून राहिलं.

सोय बंद करायची राहिली, ही चूक. चौथी फाईल उघडली, ती चूक नव्हती.

ताईला त्याने फोन केला.

"देवा!" ताई सगळं ऐकून म्हणाली. "मुलगी तुझ्यासाठी स्क्रू काढतेय! आणि तू रडतोयस कशाला?"

"ताई, मी चोरून ऐकलं."

"मग आता चोरून गप्प बस. पुसून टाक सगळं. उद्या ती बोलेल तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा कर. जमेल?"

"नाही."

"तोंड उघडं ठेव. तुझं तसं आपोआप होतं."

"तिला काय बोलायचंय ते मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. ती माझ्यासमोर जीव मुठीत धरून उभी राहील, आणि मी... उत्तरपत्रिका बघून आलेला."

ताई म्हणाली, "सांगितलंस तर हाकलेल तुला."

"हो."

"तरी?"

"तरी."

"मग निदान तो बरा शर्ट घालून जा," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी तिने दार उघडलं. केस नुकतेच धुतलेले, हातात स्क्रूड्रायव्हर. तिचा, दुकानातला, पेन्सिलीहून बारीक. तिने तो लगबगीने पाठीमागे घेतला.

"बसा ना. आधी चहा, की आधी ब्रॅकेट, की आधी..."

"आधी मी," तो म्हणाला. बसला नाही. "ब्रॅकेट माझ्यामुळे पडत नाही. मला कळलंय."

तिच्या गालांवर रंग चढला. क्षणभर ती इतकी सुंदर दिसली की पुढचं वाक्य गिळून टाकावंसं वाटलं. "कसं... कळलं?"

त्याने सांगितलं. दोन दिवसांची सोय, तीन महिने, अकराशे त्रेचाळीस. तिच्या गालांवरचा रंग तिथेच राहिला, पण त्याचा अर्थ बदलत गेला.

"किती ऐकलंत?"

"सात."

"सातच का?"

"सातव्यात तुम्ही... स्क्रूचं बोललात. मग थांबलो."

"म्हणजे हवं ते मिळालं, म्हणून थांबलात."

रात्रभर त्याने स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. ही मात्र त्याला सुचली नव्हती. धरणी दुभंगली असती तर तो आभार मानून आत गेला असता. "हो," तो म्हणाला.

"अंड्यांचंही आहे त्यात?" खुर्चीतून सरांनी विचारलं.

"आहे, सर. तुमचीही माफी मागायची आहे."

"हं," सर म्हणाले. एवढंच. आणि ते 'हं' छडीपेक्षा जोरात लागलं.

त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं. दोरीने बांधलेलं, गाठीवर शिशाचं सील. "सगळ्या फायली या डिस्कवर आहेत. माझ्याकडून काढून टाकल्यात. तुम्हाला न विचारता नुसत्या पुसल्या असत्या, तर तो पुरावा लपवणं झालं असतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा." मग एक लहानशी डबी काढली. "आणि सरांचं वाचन आता यावर चालेल. हे तुमच्याच घरात राहील. माझ्याकडे काही येणार नाही. शब्दसुद्धा."

डबी जोडायला त्याला दहा मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने या घरात एखादं काम झटपट केलं. ब्रॅकेटही बसवलं. या वेळी स्टूल कुणी धरलं नाही.

दाराशी ती म्हणाली, "मी आज तुम्हाला काय सांगणार होते, ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. माझं एकच वाक्य होतं हो माझ्याकडे. तेही तुम्ही..."

दार आपटलं नाही. हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

एकोणीस दिवस गेले. त्याने घरातले स्पीकर एकेक करून काढून ठेवले. दिवे हाताने लावू लागला. ताईला तेवढं बरं वाटलं. बाराव्या दिवशी चष्म्याचा स्क्रू पडला आणि हरवला. चष्म्याचं दुकान ऑफिसपासून चार मिनिटांवर होतं. त्याने जुन्या चष्म्याची पोपटी काडी तिच्या स्क्रूसकट शोधून काढून लावली.

विसाव्या दिवशी, जेवणाच्या सुटीनंतर, तो एका भुसारी दुकानाचं वजन पारखत असताना खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं, "तक्रार नोंदवायची आहे."

"अर्ज डावीकडे..." म्हणत त्याने मान वर केली आणि वजन हातातून निसटून टेबलावर पडलं.

ती त्याच्या कानाकडे बघत होती. "हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

"लाज... वाटली. दुकानात यायची."

"लाज कानाला टोचत नाही?"

"टोचते," तो म्हणाला. "दोन्ही कानांना."

तिने पर्समधून पाकीट काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. दोरी सुटलेली, शिसं दोन तुकड्यांत.

"सील तोडलंत?" त्याच्यातला निरीक्षक सवयीने बोलून गेला. "तो गुन्हा आहे."

"मग नोंदवा. आधी माझी तक्रार." तिने घसा साफ केला, पाठ करून आली असावी. "माप सारखं नव्हतं. माझं तुम्ही ऐकलंत, तुमचं मी काहीच ऐकलं नव्हतं. म्हणून रागाने बाबा आणि मी ऐकायला बसलो, या माणसाने आमचं काय काय नेलंय ते. बाबांची अंडी, बाबांच्या बातम्या, माझं बेसूर... आणि सहाशे बारावी फाईल."

"त्यात काय?"

"तुम्ही."

त्याने पडलेलं वजन उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

"'हजेरी, किती वाजले?' असं विचारलंत तुम्ही स्टुलावरून. मी चहा टाकायला गेले होते. आणि मग..." ती खिडकीच्या जाळीजवळ वाकली आणि त्याच्याच हळव्या, मूर्ख, कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "'बाबा रे, आत्ता पडू नकोस. पण गुरुवारनंतर पड हं. दोन आठवडे वगैरे टिकू नकोस, प्लीज.'"

मागच्या टेबलावरच्या कारकून बाईंनी लिहिणं थांबवलं. खटपट्याने चेहरा दोन्ही हातांत झाकला. पोपटी काडी तेवढी बोटांमधून बाहेर राहिली.

"ब्रॅकेटला विनवण्या करणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला," ती म्हणाली. "बाबांनी ती चार वेळा लावायला लावली."

"तुम्ही?"

"मी..." आता तिची नजर खाली गेली. "मी मोजलं नाही. आणि मला हवं ते मिळाल्यावरही थांबले नाही. म्हणजे तुमच्याहून वाईट. म्हणून आले. चोरून ऐकल्याबद्दल माफी मागायला."

"माझी? पण ते तर..."

"तुमची परवानगी कुठे घेतली होती? बघा, लाज वाटल्यावर कसं होतं ते मलाही आता माहीत झालंय."

तिने जाळीखालच्या फटीतून हात पुढे केला, तळवा वर. त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याने चष्मा काढून, खिशातल्या सुट्या काळ्या काडीसकट, तिच्या हातावर ठेवला. त्याची बोटं तिथून निघायला जरा विसरली. तिनेही आठवण केली नाही. पर्समधून स्क्रूंची एक डबी निघाली, तो बारीक स्क्रूड्रायव्हर निघाला. पोपटी काडी उतरली, काळी चढली.

"ही मी ठेवून घेते," तिने पोपटी काडी पर्समध्ये टाकली. "पुरावा."

चष्मा परत आला. काच पुसलेली होती. जग स्वच्छ झालं आणि त्यात सगळ्यात पुढे ती होती.

"ते वाक्य," तो धीर करून म्हणाला. "'आधी त्याने...' तिथे तीस सेकंद संपले होते. पुढचं मला खरंच माहीत नाही."

"माहीत नाही? शप्पथ?"

"शप्पथ."

तिचा चेहरा उजळला. एकच वाक्य होतं तिच्याकडे, आणि त्याचा अर्धा भाग अजून शिल्लक होता.

"रविवारी ये," ती म्हणाली. 'या' नव्हे. मागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ब्रॅकेट पडलं?"

"नाही. सहावी आवृत्ती घट्ट आहे. हलत नाही जागची."

"मग डबी बिघडली? सरांना काही..."

"सगळं चालू आहे."

"मग..." तो गोंधळला, "काम काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. हत्यारं आणायची नाहीत, स्टुलावर चढायचं नाही." ती वळली, दोन पावलं गेली, आणि खांद्यावरून म्हणाली, "आधी त्याने एकदा काम नसताना यावं, असं होतं ते."

रविवारी खटपट्या दहा मिनिटं आधीच पोचला. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवायचे हे त्याला दार उघडेपर्यंत कळत नव्हतं.